पुराजीवविज्ञानाचे वर्षासन

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीतून १९८४ ते १९८६ या काळात एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे मोठ्या कष्टाने बाहेर काढण्यात आली, १९९७ साली जैन आणि बंद्योपाध्याय या शास्त्रज्ञद्वयाने त्यांचे शास्त्रोक्त वर्णन प्रसिद्ध केले, आणि हा प्राणी पूर्वी मानला गेला त्या कुळशाखेतला नसून स्वतंत्र आहे असे ठरल्यावर २००३ साली त्याचे नव्याने बारसे झाले. पुढचे पाय लांब, मान त्याच्या भाऊबंदांच्या मानाने आखूड, असा हा अजस्र जीव आता ‘आयसिसॉरस’ या नावाने जगभरच्या ग्रंथांत नांदतो. वाचकांपैकी कोणाला हे नाव इजिप्तच्या आयसिस देवतेवरून आले असावे असे वाटेल, तर तो समज दूर करणे अवश्य आहे. ते नाव कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेले आहे. विदर्भाच्या मातीत साडेसहा कोटींहून अधिक वर्षे निजलेल्या प्राण्याला आकडेशास्त्राच्या संस्थेचे नाव मिळावे, हा योगायोग नव्हे. त्याच्या उत्खननाचा भार त्या संस्थेने उचलला होता, आणि ज्याने पोसले त्याचे नाव लेकराला लागावे हा आपल्याकडेही रूढ असलेला न्याय आहे.

ही संस्था जीवाश्मांच्या वाटेला गेली कशी, हे थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापिलेल्या या संस्थेचे मुख्य कार्य नमुना पाहण्या, पीकअंदाज आणि पुढे राष्ट्रीय नियोजनाचे गणित हे होते. परंतु, मोजमाप हे सर्व शास्त्रांचे समान साधन आहे अशी दृष्टी असलेल्या या गृहस्थाने १९५७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या पामेला रॉबिन्सन यांना पाचारण करून भूशास्त्राचा एक स्वतंत्र विभाग उभा केला आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात तरुण संशोधकांची पथके धाडली. तेथे सापडलेल्या प्राचीन डायनोसॉरला, रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष त्या उत्खननाशी जुळून आल्यामुळे, ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव पडले. मराठी कानाला ‘बारा पायांचा’ असा भास व्हावा, पण मुळात तो बंगाली ‘मोठ्या पायाचा’ आहे. त्याच्या मांडीचे हाडच पुरुषभर उंचीचे भरते. किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडे तेथून निघाली आणि त्यांतून जुळवलेला सांगाडा आजही कोलकात्यात उभा आहे. ज्या देशात पोटापुरते धान्य पिकत नव्हते त्या देशातील एका संस्थेने, आपल्या विषयाशी वरकरणी काडीचाही संबंध नसलेल्या विद्येसाठी, ही तरतूद केली. त्या तरतुदीचे फळ म्हणून भारतीय पुराजीवविज्ञानातली एक अख्खी पिढी घडली.

विद्येला आश्रय लागतो हे सत्य आपल्या लोकांना कोणी नव्याने शिकवावे असे मुळीच नाही. पेशवाईत पुण्यात श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई आणि विद्वानांना वर्षासने बांधून दिलेली असत. त्या वाटपात जातीची भिंत होती, आणि पुढे पुढे विद्वत्तेपेक्षा उपस्थितीलाच मोल आले, हा दोष झाकण्याचे कारण नाही. तथापि इंग्रजी अंमल आल्यावर त्याच दक्षिणेच्या निधीतून १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीच वाढत वाढत डेक्कन कॉलेज झाली. १८४९ साली पुण्याच्या काही सुधारक मंडळींनी ही रक्कम मराठी ग्रंथरचनेकडे वळवावी असा अर्ज सरकारकडे गुदरला आणि त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटीचा मार्ग मोकळा झाला. रानडे आणि भांडारकर हे दोघेही तारुण्यात दक्षिणा फेलो होते. म्हणजे एक सदोष दानपद्धती, शहाण्या माणसांनी नेटाने अर्ज केल्यामुळे, तीस-चाळीस वर्षांत विद्येच्या उपयोगी पडली. वर्षासन या शब्दाचा उपयोग मी येथे जाणूनबुजून करीत आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेली, बेताची रक्कम, विद्येच्या कामासाठी आणि तीही मागाहून हिशेब चुकता करण्याच्या रूपाने नव्हे तर हातात आगाऊ, हा त्या शब्दाचा अर्थ. आजच्या पुराजीवविज्ञानाच्या विद्यार्थ्याला नेमकी हीच वस्तू मिळत नाही, हे माझे म्हणणे आहे.

काहीच मिळत नाही, असे मात्र कोणी समजू नये. बारावीला अव्वल गुण मिळवून जो भूशास्त्रासारख्या मूलभूत विज्ञानाच्या पदवीकडे वळतो, त्याच्यासाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे आणि ती वर्षाला ८० हजार रुपयांची आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर पृथ्वीविज्ञानाची सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होणाऱ्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिचा मासिक तनखा पहिली दोन वर्षे ३७ हजार आणि त्यानंतर ४२ हजार रुपये असा ठरला आहे. आपल्या राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजगटांतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात आणि त्यांत विषयाची आडकाठी नसते. डायनोसॉरवर प्रबंध लिहिणारी वंजारी मुलगी महाज्योतीकडे तितक्याच हक्काने अर्ज करू शकते, जितक्या हक्काने ग्रामीण अर्थकारणावर लिहिणारी करील. परदेशी जाणाऱ्यासाठी जमशेटजी टाटांनी १८९२ साली घातलेला निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. लखनौची बिरबल साहनी संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची नागपूरची कचेरी अशी कामाची ठिकाणे आहेत. आणि सूक्ष्मजीवाश्मांवरून थरांचे वय ठरवणारे लोक खनिज तेलाच्या शोधालाही लागतात.

एवढे असून मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, या बहुतेक रकमा माणसाला जगवतात, त्याच्या संशोधनाला जगवीत नाहीत. तनखा म्हणजे खोलीभाडे, खानावळ आणि घरी धाडायचे चार पैसे. तोही वेळेवर हाती पडत नाही म्हणून विद्यार्थ्यांवर मोर्चे काढण्याची पाळी वारंवार येते. पुराजीवविज्ञान ही प्रयोगशाळेच्या चार भिंतींत बसून करण्याची विद्या नव्हे. तिला रानोमाळ हिंडावे लागते, आणि हिंडण्याच्या खर्चाचे कलम आपल्या शिष्यवृत्त्यांच्या नियमावलीत एकतर नसते, किंवा असले तरी ‘आकस्मिक खर्च’ या शीर्षाखाली कागद, शाई आणि छायाप्रतींच्या पंगतीत अंग चोरून बसलेले असते.

हा खर्च म्हणजे नेमके काय, ते जवळून पाहू. शेताच्या बांधाशी एखादे हाड उघडे पडलेले दिसले, तर ते उपटून पिशवीत घालता येत नाही. कोट्यवधी वर्षांत ते शेकडो ठिकाणी तडकलेले असते आणि हात लावताच त्याचा चुरा होतो. प्रथम त्यावर पातळ डिंकासारखे द्रव्य मुरवावे लागते, भोवतीचा मुरूम ब्रशाने आणि टोच्याने हलके हलके काढून ते मातीच्या चौथऱ्यावर उभे करावे लागते, त्यावर ओल्या पातळ कागदाचा थर देऊन मग गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून गुंडाळाव्या लागतात, आणि ते पांढरे गाठोडे वाळल्यावर चार माणसांनी मिळून उलटवावे लागते. मग त्याला शेतातून सडकेपर्यंत न्यायला बैलगाडी अथवा ट्रॅक्टर, आणि सडकेवरून विद्यापीठापर्यंत टेम्पो. प्लास्टरची पोती, गोणपाट, मजुरी, गाडीभाडे, शेतमालकाच्या पिकाची भरपाई, पंधरा दिवसांचा मुक्काम: यांपैकी एकही कलम भारी नाही, पण विद्यार्थ्याच्या खिशाला सगळी मिळून भारी आहेत.

लहान प्राण्यांच्या बाबतीत रीत निराळी असते. पोत्यापोत्यांनी माती आणायची, उन्हात कडकडीत वाळवायची, रॉकेलमध्ये भिजवायची म्हणजे ती पाण्यात विरघळते, मग ती बारीक छिद्रांच्या चाळण्यांतून धुऊन काढायची, आणि जो गाळ उरेल तो सूक्ष्मदर्शकाखाली पसरून ओल्या ब्रशाच्या टोकाने एक एक कण निवडायचा. तांदूळ निवडणाऱ्या आजीला जी चिकाटी लागते तीच येथे लागते, फरक एवढाच की आजीला खडा टाकायचा असतो आणि येथे तो ठेवायचा असतो. भारतातल्या क्रिटेशस कालखंडातील सस्तन प्राण्याचा पहिला पुरावा याच रीतीने, तेलंगणातल्या नसकल गावच्या मातीतून, मिलिमीटरांत मोजायच्या दातांच्या रूपाने हाती आला, आणि १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी त्याचे नाव ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपाय’ असे ठेवले. हे हिस्लॉप म्हणजे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाच्या नावातले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप होत. १८४५ साली धर्मप्रसारासाठी नागपुरास आलेल्या या स्कॉटिश पाद्र्याने, रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्यासह, टाकळीपासून चंद्रपूरकडच्या मुलखापर्यंत जे जीवाश्म गोळा केले त्यांवर मध्य भारताच्या भूशास्त्राचा पाया रचला गेला. मिशनच्या पगारात आणि फावल्या वेळात त्यांनी हे साधले. परंतु संशोधन हे फावल्या वेळाचे काम असावे, असा नियम त्या अपवादावरून काढणे म्हणजे एकलव्याचे उदाहरण देऊन शाळा बंद करण्यासारखे आहे.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या जिल्ह्यांत शेतकरी कर्जापायी जीव देतो, त्या जिल्ह्यांतल्या मेलेल्या सरड्यांच्या हाडांवर सरकारी पैसा कशाला उधळायचा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्याच मुलखातल्या एका क्षुद्र वस्तूने देता येते. वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा गावच्या शेतांत नांगरटीच्या वेळी मुठीएवढे, तपकिरी, वेटोळ्या ठशांचे जड दगड वर येतात. ते दगड नव्हेत, दगड झालेली विष्ठा आहे. हिस्लॉप यांच्या काळापासून पिसदुऱ्याची हाडे शास्त्रज्ञांना ठाऊक होती, पण या गोळ्यांची खरी किंमत २००५ साली कळली. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांचे द्रावण करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे वाळूसारखे अतिसूक्ष्म कण आढळले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतेच, ते पुष्कळ नंतर आले, असे तोवर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले होते. पिसदुऱ्याच्या शेणाने ते खोडून काढले. इतकेच नव्हे, तर ज्या कुळात पुढे भात जन्माला आला त्या कुळाजवळच्या गवतांचाही माग त्यात लागला. भात, गहू, ज्वारी, बाजरी, ऊस ही सारी गवताचीच लेकरे होत. ज्या वनस्पतिकुळावर शेतकऱ्याचे आणि आपणा सर्वांचे पोट चालते त्याच्या वंशावळीचे इतके जुने पान वरोऱ्याच्या शेतात सापडावे आणि त्या वरोऱ्याच्याच महाविद्यालयातल्या मुलाला ते ठाऊक नसावे, यापरते दारिद्र्य कोणते? शेतकऱ्याला द्यायचे ते द्यावेच. परंतु त्याच्या शेतातल्या ज्ञानाला दिलेले चार पैसे त्याच्या तोंडचा घास काढून दिलेले नसतात.

आश्रय वेळेवर मिळाला नाही म्हणजे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. गुजरातेत ढोली डुंगरी येथे १९८४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना डायनोसॉरच्या अंड्यांचे घरटे सापडले, १९८७ साली त्याचे वर्णन छापून आले. त्या घरट्यात वेटोळे घालून बसलेला एक साप आहे, आणि तो नुकत्याच फुटलेल्या अंड्यातल्या पिलाची वाट पाहत असता चिखलाखाली गाडला गेला आहे, ही गोष्ट ओळखू आली ती २००१ साली, जेव्हा जेफ्री विल्सन यांनी तो नमुना पाहिला. आणि ‘सनाजे इंडिकस’ या नावाने तो साप जगापुढे आला तो २०१० साली. तज्ज्ञाने एकदा येऊन पाहावे, किंवा नमुना घेऊन आपण तज्ज्ञाकडे जावे, एवढ्या प्रवासाचा हा प्रश्न होता. दुसरे उदाहरण जम्मू-काश्मीरातल्या कालाकोटचे. ए. रंगाराव या भूवैज्ञानिकाने तेथून गोळा केलेले खडक त्यांच्या मृत्यूनंतर वर्षानुवर्षे घरात पडून होते. त्यांच्या पत्नीने ते जपले आणि अखेर हान्स थेविसन या संशोधकाच्या स्वाधीन केले. त्यांतल्या एका कवटीचे हाड काम करताना अकस्मात तुटले आणि त्या भंगातून कानाची अशी रचना दिसली जी तोवर फक्त देवमाशांतच माहीत होती. देवमाशांचे पूर्वज हरणासारखे लहानसे खुरवाले प्राणी होते, या २००७ सालच्या निष्कर्षामागे एका विधवा बाईने घरातल्या दगडांवर ठेवलेली श्रद्धा आहे. असे घर प्रत्येक दगडाला मिळत नाही. पुष्कळ दगड विटा-चुन्याच्या भट्टीत, रस्त्याच्या खडीत आणि शेततळ्याच्या भरावात जातात. भूवारसा स्थळांच्या संरक्षणाचा कायद्याचा मसुदा २०२२ साली केंद्राने लोकांपुढे ठेवला होता. जीवाश्मांना स्वतंत्र संरक्षण देणाऱ्या कायद्याची वाट या देशाचे शास्त्रज्ञ त्याआधीपासून पाहत आले आहेत.

परदेशांत या अडचणीवर एक साधा उपाय काढलेला आहे, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांनाही बव्हंशी खुला आहे. तेथल्या विद्वत्सभा दरसाल लहान लहान अनुदाने देतात. ब्रिटनमधली पॅलिऑन्टॉलॉजिकल असोसिएशन १९५७ साली निघाली. तिच्या अनुदानांपैकी एक पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या क्षेत्रकार्यासाठी असून ते स्टॅन वुड या स्कॉटिश संग्राहकाच्या नावाने आहे, ज्याने ईस्ट कर्कटनचे प्राचीन उभयचर जगाला दाखवले. अमेरिकेतली सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी ब्रायन पॅटरसन यांच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यांच्या केवळ क्षेत्रकार्यासाठी अनुदान देते, आणि ते देताना चाकोरीतल्या बेतापेक्षा धाडसी बेताला झुकते माप देते. हे पॅटरसन शिकागोच्या संग्रहालयात हाडे साफ करण्याच्या कामावर लागले, कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही, आणि १९५५ साली हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. पॅलिऑन्टॉलॉजिकल सोसायटीचे एक अनुदान जॅक सेपकोस्की यांच्या नावाने असून ते मुळात सोव्हिएत संघ कोसळल्यावर पगारावाचून उघडे पडलेल्या तिकडच्या संशोधकांसाठी सुरू झाले आणि पुढे इतर बिगरश्रीमंत देशांनाही लागू झाले. समुद्री जीवांच्या सर्वनाशांचा हिशेब ज्याने जन्मभर मांडला, त्याच्या नावाने एका विद्येचा सर्वनाश टळावा, हे औचित्य मोठे आहे.

या रकमा थोड्या असतात. त्यांवर कोणी घर बांधणार नाही. पण त्यांत तीन गुण आहेत. एक, त्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही मिळू शकतात. दुसरा, अर्ज दोन-चार पानांचा असतो. तिसरा, पहिले अनुदान मिळालेल्या मुलाला दुसरे मिळणे सोपे जाते, कारण त्याच्यावर कोणीतरी एकदा विश्वास टाकलेला असतो. प्रत्येकाची मुदत, सभासदत्वाची अट आणि देशांची यादी वेळोवेळी बदलते, तेव्हा अर्जदाराने मूळ नियम स्वतः वाचले पाहिजेत.

याच संदर्भात केंद्राच्या नव्या व्यवस्थेविषयी एक शंका मांडणे भाग आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले, आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला, ज्यातला मोठा हिस्सा सरकारी खजिन्याबाहेरून, उद्योगधंद्यांकडून येईल अशी अपेक्षा धरली आहे. धंदा ज्या विद्येतून परतावा दिसतो तिलाच पैसा देतो, आणि त्याने तसे करण्यात गैर काही नाही. परंतु पिसदुऱ्याच्या विष्ठेतून परतावा कोणत्या तिमाहीत दाखवायचा? म्हणून ज्यांना बाजार नाही अशा विद्यांसाठी या निधीत राखीव वाटा असावा, आणि त्या वाट्याचे तुकडे लहान असावेत. एका मोठ्या प्रकल्पाला कोटी देणे कचेरीला सोयीचे पडते, कारण कागद एकच हलवावा लागतो. शंभर विद्यार्थ्यांना लाख लाख देणे विद्येला सोयीचे पडते.

दोष सारा देणाऱ्यांचाच आहे असेही नाही. आपल्याकडे मागण्याची विद्या शिकवली जात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातला हुशार मुलगा परीक्षेत उत्तर लिहितो तसाच अर्ज लिहितो: प्रस्तावना, महत्त्व, उपसंहार. अनुदान देणाऱ्याला हवे असते ते एवढेच, की बाबा रे, तुला कोणता प्रश्न पडला आहे, तो सोडवायला तू कोणत्या गावी कोणत्या महिन्यात किती दिवस जाणार, काय सापडले तर काय ठरेल, काहीच न सापडले तर काय करशील, सापडलेली वस्तू कोणत्या संग्रहालयात नोंदवून ठेवशील, आणि खर्च कलमवार किती. ‘संकीर्ण’ म्हणून मांडलेल्या वीस हजारांपेक्षा ‘प्लास्टर, सहा पोती’ या कलमावर परीक्षकाचा विश्वास लवकर बसतो. शिफारसपत्र मागायला गुरुजींकडे मुदतीच्या आदल्या रात्री जाऊ नये, आणि गुरुजींनीही ‘विद्यार्थी सद्वर्तनी व कष्टाळू आहे’ एवढ्या एका ओळीवर बोळवण करू नये. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मागे राहणाऱ्यांना माझे सांगणे असे की, आधी अर्ज मराठीत लिहून काढा. विचार स्वच्छ असला की त्याचे इंग्रजी करणे चार दिवसांचे काम आहे, आणि विचारच गढूळ असला तर कोणतीही भाषा त्याला निवळू शकत नाही. अर्ज करण्यात लाचारी मानण्याचे कारण नाही. बिरबल साहनींसारख्या रॉयल सोसायटीच्या सदस्यालाही आपली संस्था उभी करण्यासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला, स्वतःचा ग्रंथसंग्रह आणि जीवाश्म त्यात घालावे लागले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी लखनौला जीवाश्म जडवलेली कोनशिला बसवली आणि त्यानंतर आठवड्याभरातच साहनी निवर्तले. संस्था उभी राहिली ती सावित्री साहनींनी तो भार पुढे वाहिला म्हणून.

आता मागणे कोणाकडे, तेही सांगून टाकतो. २०११ साली गडचिरोलीस स्थापन झालेल्या विद्यापीठाचे नाव गोंडवाना. हे नाव भूशास्त्रज्ञांनी या मुलखावरून उचलले, प्रथम येथल्या खडकांना दिले आणि मग दक्षिण गोलार्धातल्या एका लुप्त महाखंडाला. त्यामुळे दक्षिण अमेरिकेपासून अंटार्क्टिकापर्यंतच्या प्रत्येक भूशास्त्राच्या पुस्तकात ते छापलेले आहे. डोंगरगाव, पिसदुरा आणि सिरोंच्याकडचे जीवाश्मांचे थर याच विद्यापीठाच्या हद्दीत येतात. या विद्यापीठाने आणि त्याच्या जोडीला नागपूर विद्यापीठाने, दरसाल दहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५० हजार रुपयांचे वर्षासन बांधून द्यावे. हा खर्च पाच लाखांचा आहे. विदर्भातल्या सहकारी बँका, कोळसा आणि सिमेंटचे कारखाने, आणि आईवडिलांच्या नावाने पारितोषिक ठेवू इच्छिणारे सुखवस्तू निवृत्त लोक यांनी मनात आणले, तर सरकारी तिजोरीकडे पाहण्याचीही गरज पडू नये. अटी तीनच असाव्यात. रक्कम दिवाळीपूर्वी हातात आगाऊ पडावी, कारण पावसाळा संपल्यापासून उन्हाळा कडक होईपर्यंतच रानात काम होते आणि मार्चअखेरीस मंजूर झालेला पैसा या विद्येला निरुपयोगी आहे. सापडलेली प्रत्येक वस्तू नोंद करून सार्वजनिक संग्रहालयात ठेवली जावी आणि तिचा काही भाग तरी जिल्ह्यातच राहावा. आणि ज्याच्या शेतात काम झाले त्या शेतकऱ्याला, त्याच्या गावच्या शाळेत, मराठीतून, काय सापडले ते विद्यार्थ्याने येऊन सांगावे.

महालनोबिसांच्या संस्थेने आश्रय दिला म्हणून विदर्भातल्या एका प्राण्याला कोलकात्याचे नाव लागले, आणि ते न्यायाचेच झाले. पुढल्या प्राण्याला कोणाचे नाव लागावे, याचा निर्णय चंद्रपूर-गडचिरोलीच्या आणि नागपूरच्या लोकांनी करायचा आहे. दिवाळीनंतर रब्बीची नांगरट झाली की पिसदुऱ्याच्या शेतांत पुन्हा ते तपकिरी गोळे वर येतील. त्या वेळी कोणी विद्यार्थी बांधावर उभा असावा, आणि त्याच्या खिशात पंधरा दिवसांचा खर्च असावा, एवढी व्यवस्था या वर्षी करावी, ही विनंती.